शेंगदाण्याच्या पुडीतलं क्लिंगॉन

मोहने, २ मार्च २०२५

नवा मोबाईल नंबर घेतलास, तो वैशालीला दिलास आणि तिला शपथ घातलीस की आजीला सांगायचा नाही. का, तर आजी बापाला देईल. दिला असता. बाप आहे तो तुझा, विमा विकायला फोन करणार नव्हता. तुझी बहीण शपथ मोडायला तयार नाही, म्हणून मी तिच्याकडून पत्ता घेतला. पत्त्याची शपथ घालायला तू विसरलास. शिकलेली माणसं अर्धवटच हुशार असतात.

तर चि. धम्मपाल, आजीचा जय भीम. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण ते कधीच नव्हते. अक्षराला हसू नकोस. चौथी पास आहे, आणि तीही आमच्या शेळीचं दूध मास्तरीणबाईंच्या घरी जायचं म्हणून.

कामाचं सांगते. तीस एप्रिलला चांगदेव रिटायर होतोय. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं लेथवर उभा राहिला. निरोपाचा कार्यक्रम आहे, शाल, नारळ, समोसे, भिंतीवरचं घड्याळ, जे काय देतात ते. मालकाने सांगितलंय, फॅमिलीला घेऊन या. आणि हा काय सांगून आला, मी एकटाच येईन. मी म्हटलं, का, आम्ही मेलो काय? तर म्हणाला, ‘तसं नाही आई. मुलगा कुठेय म्हणून सगळे विचारतील.’

दीड वर्ष झालं तुम्ही बोलत नाही. तुझी आई असती तर दोघांना एका ताटात जेवायला बसवलं असतं. मला तेवढी अक्कल नाही. मला एवढंच माहीत आहे की तीस तारखेला तू हैदराबादहून यायचंस आणि बापाच्या बाजूच्या खुर्चीवर बसायचंस. पुढचं सगळं ही त्याची लाच आहे असं समज.

लाच अशी की मी तुझं क्लिंगॉन शिकते.

हसून झालं असेल तर वाच. तू रविवारी मोबाईलवर वर्ग घेतोस तो वैशाली मला दाखवते. तुझी मान बारीक झालीय. मला आधी वाटायचं ही कुठल्यातरी देशाची भाषा असेल. मग कळलं की देशच नाही. सिनेमावाल्यांनी आभाळातल्या भांडखोर लोकांसाठी बनवली आणि तुझ्यासारखे रिकामटेकडे ती खरी धरून बसले. पण पहिल्याच धड्याला मला ते लोक पटले. त्यांच्यात नमस्कार चमत्कार नाही. भेटले की म्हणतात ‘नुक्नेख’, म्हणजे काय पाहिजे. अरे, दाण्याच्या गाडीवर पन्नासेक वर्षं मी दुसरं काय बोलले? आणि ‘प्लीज’ला शब्द नाही म्हणतोस. बरं आहे. प्लीज म्हणणारं गिऱ्हाईक नेहमी वर मूठभर जास्त मागतं.

तुझी ती फुलस्केप वही, ‘मराठीतून क्लिंगॉन, नवशिक्यांसाठी’, ती गेली. बाप म्हणाला रद्दीत टाकली. आपल्या घरातली रद्दी माझ्या गाडीवर जाते, तिच्या पुड्या होतात आणि पुड्यांत दाणे-फुटाणे जातात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. ते उगाळत नाही. पण सगळी गेली नाही. चौसष्ट पानं घरात आहेत. तेलकट आहेत, काहींना मीठ लागलंय, पण वाचता येतात.

त्यातली एकोणीस एकट्या सलूनवाल्या गोविंदाकडची. तुझ्या सरावाच्या वाक्यांत एक जहाज लपलेलं असतं ना, त्याला वाटलं ही क्रमशः गोष्ट आहे. रोज दोन-तीन पुड्या न्यायचा, जहाज सापडलं का बघायला. गिऱ्हाईकाची अर्धी दाढी ठेवून वाचायचा. एकदा येऊन मलाच झापतो, ‘शांताबाई, काल कॅप्टनने कैदी पकडला आणि आज नुसते प्रत्यय. कोण आहे हा लेखक?’ म्हटलं, माझा नातू. तर म्हणतो, ‘त्याला सांगा, कैद्याचं आधी मिटव.’ बाकीची पानं इथून तिथून आली.

उत्तर पाठव. येतोस एवढं लिहिलंस तरी चालेल.

आजी

मोहने, १६ मार्च

उत्तर नाही. ठीक आहे. भांडखोर लोकांची भाषा शिकवतोस, एवढं भांडण तर येणारच.

माझी प्रगती ऐक. पान सातवर तू लिहिलंयस की या भाषेत मराठी माणसाला अर्धी सूट आहे. इंग्रजी शिकलेली माणसं ज्या ‘ड’ला अडतात तो आपण झोपेत म्हणतो. त्यांचा ‘स’ म्हणजे आपला पोटफोड्या ष. आणि शब्दाच्या सुरुवातीला ङ येतो. शाळेत पाटीवर ङ गिरवला त्याला सत्तर वर्षं झाली. त्यानंतर कोणी मला तो कधी वापरायला दिला नाही. बाई म्हणायच्या, हा नुसता घोकायचा. आता या वयात त्याला काम मिळालं.

जड गेला तो घशातला मोठा क. तू म्हणतोस, मासा खाताना काटा अडकल्यावर जसं खाकरतो तसं. मी गाडीवर सराव केला तर दोन गिऱ्हाइकं पुडी न घेता गेली. घरी केला तर चांगदेव डबा भरता भरता म्हणाला, ‘आई, दाढेत काय अडकलंय?’

म्हटलं, तुझ्या मुलाची भाषा.

त्याने डब्याचं झाकण उलटं लावलं, परत काढलं. बूट घालताना विचारतो, ‘बापाला काय म्हणतात त्यात?’ म्हटलं, ‘वाव’. त्याने दोनदा म्हणून बघितलं, छत्री घेतली आणि गेला. मार्चात छत्री. लाडाने म्हणायचं तर शेवटी ओय लावून ‘वावोय’ होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही.

वाक्याचं पण मला जमलं. आपण म्हणतो आजी दाणे विकते. ते म्हणतात दाणे विकते आजी. वस्तू आधी, मग काम, आणि करणारा सगळ्यात मागे. गोविंदाला हे सांगितलं तर म्हणाला, पोलीस चौकीसारखं आहे, आधी काय गेलं ते सांगायचं, मग कसं गेलं, कोणी नेलं ते शेवटी. मी केलेलं वाक्य बघ: नखलेत ङेव षोषनी. नखलेत म्हणजे दाणे, ङेव म्हणजे विकणे, षोषनी म्हणजे मी, आजी. चूक असेल तर सांग, पण मला तरी हे गाडीवर पाटी म्हणून लावण्यासारखं वाटतं.

आणि पान चाळीस. द्वेषाला शब्द आहे ‘मुष’. त्याच्यामागे ‘खा’ लावला की प्रेम. म्हणजे त्या लोकांत द्वेष ही सरळ गोष्ट, आणि तो उसवला की उरतं ते प्रेम. वैशाली म्हणते, किती रोमँटिक. रोमँटिक काय त्यात? सासूबाईंबरोबर सत्तावीस वर्षं काढलीत मी. असंच असतं ते.

बापाने नवा शर्ट घेतलाय, फिका निळा. घड्या न मोडता कपाटात ठेवलाय. तीस तारखेला यायचंस.

आजी

मोहने, ६ एप्रिल

पाकीट मिळालं. माझंच वाक्य, माझंच पत्र, आणि त्यावर तुझी लाल शाई. नऊ चुका. एका क वर गोल काढून लिहिलंयस, ‘मोठा आणि छोटा क वेगळे आहेत, आजी, यात माणसं मरतात.’ बरं. पण दाण्याच्या वाक्याला बरोबरची खूण केलीस आणि खाली लिहिलंस, ‘अगदी तयार वाक्य.’ ते मी गोविंदाला दाखवलं. त्याने ते आरशाला चिकटवलंय. आता दाढी करायला येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय आहे, आणि तो उगाच गंभीर तोंड करून म्हणतो, ‘आंतरराष्ट्रीय आहे.’

पण बाकी एक शब्द नाही. तीस तारखेबद्दल नाही, बापाबद्दल नाही. लाल शाई आहे तुझ्याकडे, निळी संपली काय?

गेल्या रविवारी तुझा वर्ग बघितला. एक मुलगी अडली होती, हवा तो शब्दच सापडेना. तू म्हणालास, नवशिक्याने नसलेल्या शब्दापाशी हटून बसू नये, आपल्याजवळ आहेत त्या शब्दांत सांगावं, समोरचा समजून घेतो. फार चांगलं बोललास. मला वाटलं, हा मास्तर रोज आरशासमोर उभा करावा.

खरं सांगू, तुझा बाप पण तो वर्ग बघतो. वैशालीच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, हातात पेपर घेऊन. पेपर उलटा नसतो, एवढा काही तो कच्चा नाही, पण पान बदलत नाही. परवा तुझा वर्ग संपला तर म्हणाला, ‘समजावून सांगतो बरं का.’ एवढंच. त्याच्या वर्कशॉपात नवीन आलेल्या पोरांना तो पण असंच शिकवतो म्हणे, आवाज न चढवता. मला कधी वाटलं नव्हतं की तुमच्यात काही सारखं आहे.

ये रे. दोन दिवस ये आणि जा परत.

आजी

मोहने, १५ एप्रिल

काल जयंती झाली. तुझं पत्र सकाळीच वैशालीने दिलं होतं, पण काल दिवसभर विहारात पाहुणे, त्यामुळे आज लिहिते. खोटं. काल वेळ होता. लिहायला हात उचलला नाही.

तू लिहितोस: ‘आजी, बाबांनी माझं दोन वर्षांचं काम फेकलं आणि तू ते पान पान गोळा केलंस. त्या घरात माझं माणूस म्हणजे तूच. तीस तारखेला मी येणार नाही, मला त्यांच्या शेजारी बसून टाळ्या वाजवता येणार नाहीत. तूच इकडे ये, मी तिकीट काढतो.’

तिकीट काढू नकोस.

वही बापाने टाकली नव्हती. रद्दीच्या गठ्ठ्यात मिसळली आणि गाडीवर गेली. कोणी मुद्दाम केलं नाही. त्याने उगाच आपल्यावर घेतलं. हे तुला आधी सांगायला हवं होतं. आता सांगितलं. तर त्याला फोन कर आणि ये.

आजी

मोहने, १९ एप्रिल

वैशालीला फोन करून म्हणालास म्हणे, आजी बाबांना वाचवायला खोटं बोलते, बिचारी. पोरीने मला शब्दाला शब्द सांगितलं. बिचारी मला आजपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. ते ऐकून घ्यायची लायकी मी माझ्या हाताने आणली.

खोटं बोलले हे तुझं बरोबर. कोणाला वाचवायला, ते चुकलं.

वही मिसळली नव्हती. वही तुझ्या गादीखाली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. सोमवार होता, तू कल्याणला क्लासला गेलेलास. मी गादी उचलली, पिशवी काढली, वही बाहेर घेतली आणि पिशवी परत आत सरकवली, म्हणजे वरून हात लावलास तर कागद लागल्यासारखं वाटावं. आत जुना पेपर भरला होता. एवढं डोकं लावलं होतं मी. मग गाडीवर नेऊन आठ दिवसांत ती संपवली. पहिल्या पानावर तुझं नाव होतं. त्या पानाची पुडी मी कोणाला दिली नाही, शेगडीत घातलं.

तुला वाटेल, तू बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करावास म्हणून. तुझ्या बापाने तुला तेच सांगितलं. त्याने ते जागच्या जागी रचलं, त्याला कारण माहीत नव्हतं. परीक्षेशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आदल्या दिवशी तू वैशालीला म्हणत होतास, हैदराबादला हे शिकणारे लोक आहेत, वही पुरी झाली की मी जातो. मी पोळ्या लाटत होते. मला त्यातलं एवढंच कळलं की वही पुरी झाली नाही तर तू जाणार नाहीस. मला तू इथे हवा होतास. दुसरं काही नाही. त्याला आणखी चांगलं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

रविवारी चांगदेव दाढीला गेला. गोविंदाने त्याला मोठ्या कौतुकाने पान दाखवलं, बघा, आज जहाज निघालं. त्याने तुझं अक्षर ओळखलं. पुडी कोणाच्या हातची ते त्याला विचारावं लागलं नाही, माझी घडी तो पाच वर्षांचा असल्यापासून बघतोय. घरी आला तर तू गादी उलटी करून बसलेला. तू ओरडलास, कोणी घेतली? मी लसूण सोलत होते. त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही. म्हणाला, ‘मी टाकली.’ तू जे जे बोललास ते त्याने उभ्याने ऐकलं. मी लसूण सोलत राहिले. मंगळवारी तू गेलास.

नंतर एकदा मी त्याला नळावर गाठलं. म्हटलं, का घेतलंस रे अंगावर? हात धूत धूत म्हणाला, ‘माझ्यावर रागावला तर जाईल, चार दिवसांनी येईल. तुझ्यावर रागावला तर त्याला या घरात राहिलं काय?’ चार दिवसांचं दीड वर्ष झालं. त्याने परत विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला ते सोयीचं होतं, हे पण लिहून ठेवते.

अजून एक आहे, आणि ते लिहायला मला जास्त जड जातंय. पानं मी गोळा केली नाहीत.

तू गेल्यावर तीन महिने दर रविवारी तो फिरला. गोविंदाकडे, रिक्षा स्टँडवर, शहाडच्या रद्दीवाल्याकडे. विठ्ठल रिक्षावाला सगळ्यांदेखत म्हणायचा, ‘टर्नरसाहेब, पुड्या वेचताय काय?’ हा म्हणायचा, ‘हो, हाताने लिहिलेली असेल तर सांग.’ घरी आणून सुती फडक्याखाली इस्त्री केली. वर्कशॉपातून ॲल्युमिनियमचे दोन पत्रे आणले, त्यांना भोकं पाडली, पितळेचे स्क्रू स्वतः लेथवर काढले आणि वही बांधली. पानांचे आकडे लावून बांधलीय. जी पानं मिळाली नाहीत तिथे कोरे कागद घातलेत, एकेका पानाला एकेक मोजून, तू परत लिहशील म्हणून. कडेला त्याच्या अंगठ्यांचे काळे ठसे आहेत. तो कामाला गेला की मी ती कपाटातून काढते आणि शिकते. माझी एवढीच मेहनत. तू मला पान पान गोळा करणारी म्हणालास तेव्हा मला गोविंदाच्या वस्तऱ्याखाली मान द्यावीशी वाटली.

माफी मागायचा शब्द त्या चौसष्ट पानांत कुठे नाही. असता तरी आभाळातल्या लोकांच्या भाषेत मागून मी सुटले नसते. मराठीत मागते. मी तुझं काम फाडलं, तू गेलास तेव्हा गप्प बसले, आणि तू माझ्यावर माया केलीस ती मी फुकट खाल्ली. माफ कर म्हणत नाही. केलं, एवढं सांगते.

काल संध्याकाळी चांगदेवला सांगितलं की तुला खरं लिहिणार आहे. तो म्हणाला, ‘नको आई, या वयात.’ मी म्हटलं, वय माझं आहे, तू तुझं सांभाळ. मग म्हणाला, ‘तो तुझ्याशी बोलायचा बंद होईल.’ म्हटलं, होऊ दे. पाळी बदलली असं समजू. तर हसला. पुष्कळ दिवसांनी दात दिसले त्याचे. खालचा एक पडलाय, मला माहीतच नव्हतं.

वही पोस्टाने पाठवणार नाही. ज्याने बांधली त्याच्या हातून घ्यायची.

आता नीट ऐक. हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय, म्हणजे मंगळवार-बुधवारपर्यंत पोचेल. मला उत्तर लिहायचं नाही. वैशालीजवळ निरोप द्यायचा नाही. माझ्यावर ओरडायला तुला अख्खा मे महिना मोकळा आहे, मी कुठे जात नाही, गाडीवरच असते. उत्तर चांगदेवला द्यायचं, तीस तारखेच्या आत, तुझ्या हातचं किंवा तुझ्या तोंडचं. त्याचा नंबर बदललेला नाही, तुझा येईल म्हणून त्याने बदलला नाही. पाकिटावर माझं नाव घातलंस तर मी न उघडता परत पाठवीन.

शांताबाई